अंगावर पित्त उठतं, म्हणून गाठ झाली का?

निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आई ५४ वर्षांची. लहानपणापासून शिंका, आणि द्राक्षबागेच्या छाटणीच्या दिवसांत अंगावर पित्त उठतं. बारा-पंधरा वर्षं रोज सेट्रिझिन घेते. यंदा डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्याच सलाईनला पाच मिनिटांत चेहरा लाल झाला, छाती आवळली, कंबरेत कळ आली. सलाईन थांबवावं लागलं. ॲलर्जीमुळेच गाठ झाली का? आमचे एक पाहुणे म्हणतात, ॲलर्जीवाल्यांना कॅन्सर होतच नाही, मग आईला कसा झाला? रोजची गोळी बंद करावी का? आणि प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा देऊ का?"

ताई, पुढचा डोस तोंडावर आला असेल, म्हणून आधी सलाईनचं सांगते.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. बाटलीत ते एका द्रावकात मिसळून येतं, आणि हा द्रावक एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवतात. शरीर बिथरतं ते बहुतेक वेळा या द्रावकामुळे, औषधामुळे क्वचित. औषध नवं होतं तेव्हा चाचण्यांमध्ये हा त्रास इतक्या जणांना झाला की काही काळ काम थांबवावं लागलं होतं. मग सलाईन हळू सोडायचं आणि त्याआधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, ॲव्हिलसारखं अँटिहिस्टामिन म्हणजे ॲलर्जी शमवणारं औषध आणि एक ॲसिडिटीचं इंजेक्शन द्यायचं, अशी पद्धत बसली. कोणत्याही डे-केअर वॉर्डात सकाळी कान देऊन ऐका, "डेक्सा-ॲव्हिल गेलं का?" हे वाक्य चहाच्याही आधी ऐकू येतं. एवढं करूनही काहींना रिॲक्शन येतेच. ती आली तर बहुतेकदा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसला, पहिल्या दहा मिनिटांत येते. कंबरेतली कळसुद्धा अगदी नेहमीची. आईंच्या बाबतीत जे झालं ते पुस्तकातल्यासारखं झालं.

खरी ॲलर्जी व्हायला शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असावी लागते. पहिल्या भेटीत शरीर तयारी करतं, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत उसळतं. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन बहुतेकदा पहिल्याच भेटीत येते, कारण त्यात आधीच्या ओळखीची गरज नसते. ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींना द्रावक थेट डिवचतो आणि त्या आपल्या पोतड्या रिकाम्या करतात. कार्बोप्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचं उलटं आहे. ते पाच-सहा वेळा निमूट जातं आणि सातव्या-आठव्या डोसला अचानक गांधी उठतात. ती मुरलेली, खरी ॲलर्जी. म्हणून आमच्या वॉर्डात पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या सलाईनजवळ आणि कार्बोप्लॅटिनच्या सातव्या सलाईनजवळ सिस्टर खुर्ची टाकून बसते.

म्हणजे आईंना पॅक्लिटॅक्सेल कायमचं बंद, असं गृहीत धरू नका. त्रास सौम्य असेल तर पुन्हा औषधं देऊन, धार अगदी मंद करून, बहुतेकांना तेच औषध त्याच दिवशी पूर्ण देता येतं. जास्त असेल तर थेंबाथेंबाने, बारा टप्प्यांत मात्रा वाढवत नेण्याची पद्धत आहे. एरंडेलाचा द्रावक नसलेलं, अल्ब्युमिनला जोडलेलं पॅक्लिटॅक्सेलही मिळतं, फक्त महाग आहे. रक्तदाब कोसळला होता का, आवाज घोगरा झाला होता का, छातीत शिट्टी वाजत होती का, ऑक्सिजन किती होता, हे त्या दिवशीच्या कागदावर लिहिलेलं असेल. डॉक्टरांशी बोलताना तो कागद हातात ठेवा, निर्णय त्यावर ठरतो. आणि रिॲक्शन आली म्हणजे "औषध अंगाला मानवत नाही, म्हणजे लागू पडणार नाही", असं काही नसतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आता मुख्य प्रश्न. ॲलर्जीमुळे स्तनातली गाठ झाली का? नाही. ॲलर्जी आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात ठाम संबंध सापडलेला नाही, ना वाईट ना चांगला. आईंच्या शिंका, छाटणीतलं पित्त आणि ही गाठ एकाच अंगणात असली तरी एका घरातली नाहीत.

पाहुण्यांचं म्हणणं मात्र हवेतून आलेलं नाही. मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठीबद्दल देशोदेशी अभ्यास झाले. दमा, इसब किंवा शिंकांचा त्रास असणाऱ्यांमध्ये ही गाठ साधारण एक तृतीयांशाने कमी आढळली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबतही असाच कल दिसला. शंका अशी आली की गाठच प्रतिकारशक्तीला दाबत असेल आणि म्हणून रुग्णांची ॲलर्जी मावळत असेल. म्हणजे कारण आणि परिणाम उलटे वाचले जात असतील. नॉर्वेत लोकांचे जुने रक्तनमुने गोठवून ठेवलेले आहेत. ते काढून २०१२ साली तपासले, तेव्हा निदान स्त्रियांमध्ये तरी हा संबंध गाठ कळण्याच्या वीस वर्षं आधीच्या रक्तातही दिसला. तेवढ्याने पाहुणे जिंकले असं नाही. जनुकांच्या आधारे नंतर झालेल्या पडताळणीत हा संबंध फार फिका निघाला. शिवाय मेंदूची ही गाठ मुळातच दुर्मीळ, त्यामुळे दुर्मीळ गोष्टीचा धोका तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला तरी एका माणसाच्या आयुष्यात त्याने फरक पडत नाही. आणि दम्याची दुसरी बाजू पाहुण्यांनी सांगितली नसणार: दमेकऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग थोडा जास्त आढळतो.

त्याच ॲलर्जीच्या माणसात मेंदूत कमी आणि फुप्फुसात जास्त, हे कसं? या कोड्याच्या आत शिरलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. जरा सविस्तर सांगते, थकलात तर शेवटच्या काढ्याच्या भागावर उडी मारा.

आपण "प्रतिकारशक्ती कमी", "प्रतिकारशक्ती जास्त" असं बोलतो, जणू घरातली पाण्याची टाकी आहे. तुम्ही कालव्याच्या पट्ट्यातल्या, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते: धरण भरलंय की नाही एवढं कळून द्राक्षबागायतदाराचं भागतं का? त्याला कळायला हवं पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, कोणत्या कालव्याला, आणि चारीवर पाणी सोडणारा पाटकरी कोण आहे. शरीराच्या संरक्षणाचंही तसंच. एक कालवा मारणाऱ्या पेशींचा. त्यातल्या टी पेशी विषाणूने पछाडलेल्या आणि बिघडलेल्या पेशी हेरून संपवतात. दुसरा कालवा जंत, गोचीड, परागकण आणि जखमा यांच्यासाठी. त्यातून मास्ट पेशी, इओसिनोफिल आणि आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात. शिंक, खाज, नाकातलं पाणी हे त्याचंच. हाच कालवा जखमेनंतर डागडुजीचं सामान पुरवतो: नव्या रक्तवाहिन्या, नवी ऊती, आणि "आता मारामारी पुरे" असा निरोप. ॲलर्जीच्या माणसात दुसऱ्या कालव्याला पाणी जरा जास्त वेळ चालू राहतं, इतकंच.

गाठ या दुसऱ्या कालव्यावर पाणी ओढायची मोटार टाकते. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी १९८६ साली गाठीला "न भरणारी जखम" म्हटलं होतं. इतकं नेमकं वर्णन मला दुसरं माहीत नाही. जखम झाली की शरीर रक्तवाहिन्या वाढवतं, पेशींना वाढा म्हणतं, आणि जखम भरली की सगळं आवरतं घेतं. गाठ शरीराला सतत सांगत राहते की जखम अजून उघडीच आहे. मग डागडुजी करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी येत राहतात, नव्या रक्तवाहिन्या फुटत राहतात आणि मारणाऱ्या टी पेशींना दारातच अडवलं जातं. मास्ट पेशी गाठींच्या भोवती गोळा होतात हे तर १८९१ पासून माहीत आहे. पॉल एर्लिख यांच्या एका विद्यार्थ्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. मास्ट पेशींना नाव दिलं एर्लिख यांनीच, विद्यार्थी असताना. फुगलेल्या, दाणेदार दिसल्या म्हणून जर्मनमध्ये "खाऊनपिऊन सुखी" अशा अर्थाचं नाव. त्या दाण्यांत हिस्टामिन असतं, हेपरिन असतं, ऊतींची वीण सैल करणारी विकरं असतात. रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्यंही याच पेशी सोडतात. गाठीला पसरायला याहून काय हवं?

जुन्या जळजळीतून कर्करोग उगवतो, हे आपल्या मराठी मुलखात फार आधी नोंदवलं गेलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एका शोधनिबंधात धोतराचा कर्करोग नोंदवला. कंबरेला जिथे धोतर घट्ट आवळलं जातं तिथे वर्षानुवर्षं घासून कातडी जाड होते, काळी पडते, चिघळते आणि काहींच्यात तिथेच गाठ उगवते. परकराच्या नाडीखाली बायकांतही हे होतं. मी आजही ओपीडीत आजींना नाडीची जागा दाखवायला सांगते, आणि त्या लाजतात. संख्या अगदी थोडी आहे, पण तत्त्व मोठं आहे: ॲलर्जी नाही, विष नाही, नुसतं रोजचं घासणं आणि रोजची अर्धवट डागडुजी.

नाशिकच्या ओपीडीत याचं रोजचं रूप तोंडात दिसतं. मिश्री, तंबाखू-चुना, सुपारी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कितपत पाळली जाते ते टपरीवर उभं राहून पाहा. सुपारीने गालाच्या आतली कातडी सतत चिडलेली राहते, मग तिथे दोरखंडासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. "मॅडम, पाणीपुरी तोंडात जात नाही", असं बावीस वर्षांचा मुलगा सांगतो. पोटात हेलिकोबॅक्टर जिवाणू, यकृतात कावीळ-बी, आतड्यातला वर्षानुवर्षांचा दाह, सगळीकडे हेच सूत्र. दमेकऱ्याच्या फुप्फुसातही सतत धुमसत राहणारी सूज असते. तिथला थोडा वाढलेला धोका बऱ्याच अंशी यातून येत असावा. त्यात विडी-सिगारेट असेल तर मग विचारूच नका.

पण हे एवढंच असतं तर रोगप्रतिकार दाबून टाकणं हाच उपाय ठरला असता. तसं केल्यावर काय होतं तेही पाहून झालं आहे. मूत्रपिंडरोपणानंतर ज्यांना आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्यांच्यात त्वचेचे आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग खूप वाढतात. स्कॉटलंडमधली एक घटना २००३ साली प्रसिद्ध झाली, ती मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची दोन मूत्रपिंडं दोघांना बसवली. दोघांनाही मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाला. शोध घेतल्यावर कळलं की दात्यावर सोळा वर्षांपूर्वी मेलॅनोमाचा उपचार झाला होता आणि तो पूर्ण बरा समजला गेला होता. सोळा वर्षं त्याच्या शरीराने त्या पेशींना डांबून ठेवलं होतं. पहारा नसलेल्या घरात गेल्या आणि त्या सुटल्या.

अमेरिकेतल्या रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने २००१ साली उंदरांवर जे दाखवलं ते याहून बोलकं आहे. प्रतिकारपेशी नसलेल्या उंदरांत गाठी जास्त होतात, इथवर अपेक्षित होतं. अशा उंदरांत वाढलेल्या गाठी त्यांनी धडधाकट उंदरांत लावल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाठी धडधाकट शरीराने उधळून लावल्या. आणि धडधाकट उंदरांतून काढलेल्या गाठी दुसऱ्या धडधाकट उंदरांत लावल्या तर त्या खुशाल वाढल्या. पहाऱ्यात वाढलेली गाठ पहाऱ्याला चुकवायला शिकलेली असते. तुमच्या बागेत तेच बुरशीनाशक वर्षानुवर्षं मारलं की डावणी ही द्राक्षावरची बुरशी कशी बधत नाही? मेल्या त्या मेल्या, उरल्या त्यांचीच पिढी पुढे चालते. आपल्या हाताला लागेपर्यंत गाठ अशा कित्येक फवारण्यांतून वाचलेली असते. म्हणून "माझी प्रतिकारशक्ती कमी पडली" हे दुःख आईंनी मनाला लावून घेऊ नये. तिने पुष्कळ केलेलं असतं, दिसतं ते फक्त निसटलेलं.

निसटण्याची एक युक्ती अशी, की टी पेशींच्या अंगावर जे "थांब" म्हणणारे खटके असतात ते गाठ दाबून ठेवते. हे खटके मोकळे करण्याच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. शरीरात "आवरा" सांगणाऱ्या खास टी पेशीही असतात, त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची आणि दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०२५ चं. ॲलर्जीत याच आवरणाऱ्या पेशी कमी पडतात आणि गाठीत त्याच जास्त गर्दी करतात. एकीकडे पाटकरी झोपलेला, दुसरीकडे पाटकरी गाठीला फितूर.

खटके मोकळे करणारी औषधं नाशिकमध्येही वापरात आहेत, अडचण किमतीची. त्यावर टाटा मेमोरियलने केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात त्यांनी यातल्याच निव्होलुमॅब या औषधाचा डोस २० मिलिग्रॅमवर आणला, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तो स्वस्त गोळ्यांच्या केमोला जोडला. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, या जोडीवर ४३.४ टक्के. त्या गोळ्यांमध्ये सेलेकॉक्सिब हे सूज उतरवणारं औषध होतं, हेही लक्षात घ्या: एका हाताने मारणाऱ्या पेशी सोडल्या, दुसऱ्या हाताने डागडुजीच्या कालव्याचं दार लोटलं. माझ्या मते इथून पुढची वाट हीच आहे. कोणत्या कर्करोगात कोणतं दार किती लोटायचं, एवढंच शोधायचं आहे.

दार लोटण्याचे सगळे प्रयत्न फळले नाहीत. २०१७ साली हृदयरोग्यांवरच्या एका मोठ्या चाचणीत, दहा हजारांहून जास्त माणसं होती, सूज उतरवणारं कॅनाकिनुमॅब देताना फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण घटलेलं दिसलं. सगळे हरखले. मग तेच औषध कर्करोग झालेल्यांना देऊन पाहिलं, तर निराशा. गाठ उगवण्याआधीची आणि उगवल्यानंतरची सूज एकच काम करत नसते.

ॲलर्जीच्याच रसायनांवरही काम चालू आहे. दमा-इसबात उफाळणारा इंटरल्युकिन-४ नावाचा निरोप्या अस्थिमज्जेत जाऊन गाठीला धार्जिण्या पेशी घडवतो, असं न्यूयॉर्कच्या एका गटाने २०२३ च्या अखेरीस दाखवलं. मग त्यांनी इसबाचं इंजेक्शन, डुपिलुमॅब, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांना इम्युनोथेरपीबरोबर, म्हणजे खटके मोकळे करणाऱ्या औषधाबरोबर दिलं. सहांतल्या एकाची गाठ जवळजवळ नाहीशी झाली. सहांत एक. आशा वाटावी एवढं आहे, भरवसा ठेवावा एवढं नाही. उलट दिशेने लंडनमध्ये आयजीईच्या घडणीचं प्रतिपिंड बनवून बीजांडकोशाच्या कर्करोगावर वापरून पाहिलं आहे, म्हणजे ॲलर्जीचाच दात गाठीवर रोखायचा. अनेकांच्या अंगावर थोडा वेळ गांधी उठल्या, एकाला जोराची रिॲक्शन आली आणि एका रुग्णाची गाठ काहीशी आकसली. ॲलर्जीचा कालवा सगळा गाठीच्याच बाजूचा नाही, एवढं यावरून कळतं.

आईंच्या गाठीबाबत यातलं काय लागू? पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढा. त्यात ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांना दाद देते का) आणि हर-२ (वाढीला चेतवणारं एक प्रथिन) या तपासण्या असतील आणि कदाचित गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट म्हणजे प्रतिकारपेशींची टक्केवारीही. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह असतील किंवा हर-२ पॉझिटिव्ह असेल, तर गाठीत लिम्फोसाइट जास्त असणं ही चांगली खूण मानतात. ईआर पॉझिटिव्ह गाठीत त्या आकड्याला एवढं वजन नाही.

सेट्रिझिनची गोष्ट गमतीची आहे. १९९४ साली कॅनडातल्या एका गटाने काही अँटिहिस्टामिन गोळ्यांनी उंदरांतल्या गाठी वाढतात असं छापलं आणि घबराट झाली. माणसांत ते खरं ठरलं नाही. पुढे पारडं अगदी उलटं फिरलं. स्वीडनमध्ये डेसलोराटाडिन ही ॲलर्जीची गोळी घेणाऱ्या स्तन-कर्करोगाच्या रुग्ण जास्त जगल्याचं नोंदींतून दिसलं. अमेरिकेत इम्युनोथेरपी घेणाऱ्यांपैकी ॲलर्जीची गोळीही घेणाऱ्यांना जास्त गुण आल्याचं दिसलं, आणि हिस्टामिन मॅक्रोफेज पेशींना टी पेशींविरुद्ध फिरवतं हे उंदरांत दाखवलं गेलं. हे जुन्या नोंदी चाळून काढलेलं अनुमान आहे. गोळी घेणारी माणसं मुळात दवाखान्यात लवकर जाणारी असतील, कोणी सांगावं? म्हणून कर्करोगासाठी सेट्रिझिन सुरू करा असं मी कोणालाही सांगत नाही. आईंना पित्तासाठी लागते, तर चालू ठेवा. इतक्या वर्षांच्या गोळीने गाठ झाली ही भीती काढून टाका. फक्त केमोच्या दिवशी ॲव्हिल देणार आहेत, त्यावर सकाळची गोळी घेतली तर दिवसभर गुंगी राहील. सिस्टरना विचारून वेळ बदला.

छाटणीतल्या पित्ताबद्दल एक शंका. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायला जी पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडी पोळतं. हातमोज्यांशिवाय पेस्ट लावणाऱ्या बायकांच्या बोटांना जे होतं ती पुष्कळदा ॲलर्जी नसून पोळणं असतं. बांधावरच्या गाजरगवताने मान, कोपर, पापण्या लाल होतात, ती मात्र खरी ॲलर्जी. काही असो, केमो संपेपर्यंत आईंनी बागेत पेस्टला, फवारणीला जायचं नाही. घरच्यांनी "नुसतं बघायला ये" म्हटलं तरी नाही.

राहिला काढा. माझ्या आजीच्या परसात गुळवेल होती, तिच्याशी माझं भांडण नाही. पण २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात घरोघर काढे उकळत होते तेव्हाचे हे रुग्ण. सूज अशा प्रकारची होती की शरीराच्या प्रतिकारपेशीच स्वतःच्या यकृतावर उलटल्या होत्या. म्हणजे काढ्याने प्रतिकारशक्ती "वाढली" असेलही, पण पाणी भलत्याच शेतात शिरलं. पॅक्लिटॅक्सेल यकृतातूनच बाहेर पडतं. यकृत सुजलं तर डोस पुढे ढकलावा लागतो किंवा कमी करावा लागतो. मागच्याच वर्षी माझ्या एका रुग्णाचे दोन डोस अशा एका "इम्युनिटी" पावडरीपायी हुकले. त्या पावडरीत नेमकं काय होतं ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. प्रतिकारशक्तीच्या नावाने विकली जाणारी इंजेक्शनंही तशीच. कोणता कालवा, हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका. केमोत पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर आम्ही जी इंजेक्शनं देतो ती वेगळी. ती नेमक्या एका पेशीसाठी असतात आणि रक्त तपासून देतात.

भाकरी, वरण, अंडी, पनीर, ताक, झेपेल तेवढं चालणं, उकळून गार केलेलं पाणी. द्राक्षं चालतील, पण मिठाच्या पाण्यात ठेवून, नीट धुऊन. पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या आठवड्यात कच्चं टाळा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल थोडे वाढलेले दिसले तर घाबरू नका. ॲलर्जीच्या माणसात ते असतातच, आणि आपल्याकडे जंतांमुळेही वाढतात. खाज मात्र दोन तऱ्हेची असते. गांधी उठून तासा-दोन तासांत मावळणारी खाज म्हणजे आईंचं जुनं पित्त. अंगावर काहीही दिसत नसताना महिनोन् महिने खाज, रात्री घामाने कपडे भिजणं, वजन उतरणं, मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी, असं घरात दुसऱ्या कोणाला होत असेल, विशेषतः तरुण मुलाला, तर ॲलर्जीची गोळी देत बसू नका. लसिकाग्रंथींचा एक कर्करोग असा खाजेने सुरू होतो. मी पाहिलेल्या अशा दोन मुलांना वर्षभर सेट्रिझिनच चालू होती. दोघेही उपचारांनंतर बरे आहेत, एक सध्या ओझरला नोकरी करतो.

पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी विचारा: डेक्सामेथासोनच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून घ्यायच्या का, सलाईन किती तासांत सोडणार, आणि पुन्हा रिॲक्शन आलीच तर पर्यायी औषध त्या दिवशी तिथे असेल का. आईंना सांगा की छाती आवळली, घसा खवखवला, कंबर दुखली, नुसतं "कसंतरी" वाटलं तरी लगेच हाक मारायची, सिस्टर कामात आहेत म्हणून थांबायचं नाही. आपल्या बायका थांबतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः शेजारी बसा.